डुकरांची लोळण, माझा ताप आणि फोनमधला एक फोटो

आज वसुबारस. सकाळी गोठ्यात गाय-वासराला ओवाळताना गेल्या वर्षीची दिवाळी आठवली. तेव्हा सगळं सासूबाईंनी एकटीनं केलं होतं आणि मी उंबऱ्यात खुर्ची टाकून लांबूनच हात जोडले होते. गोठ्यापर्यंतची वीस पावलंसुद्धा मला चालवत नव्हती.

२०२४ च्या ऑक्टोबरात मला लेप्टोस्पायरोसिस झाला, थोडक्यात लेप्टो. जनावरांच्या लघवीतून चिखलात, पाण्यात येणाऱ्या जंतूचा हा ताप. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होते. मागच्या आठवड्यात पलीकडच्या गावातल्या एका ओळखीच्या बाईचा फोन आला. "अक्का, दिराला चार दिवस ताप आहे, पोटऱ्या दुखतात म्हणून रडतोय, तुमचं काय झालं होतं सांगा की." तिला फोनवर घाईघाईत जे सांगितलं, तेच इथं नीट लिहिते.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, पण रानडुकरं त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या शिवारात येतात. आमची अडीच एकर जमीन, त्यातली बरीचशी भाताची खाचरं. हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, सोमवार ते शनिवार बेळगावातच. शेत मी, सासूबाई आणि धाकटे भाऊजी बघतो. भात पोसवून दाणा दुधात आला की डुकरांच्या धाडी सुरू होतात. बांधावर जुन्या साड्या बांधायच्या, न्हाव्याच्या दुकानातले केस आणून पसरायचे, माळ्यावर बसून रात्रभर पत्र्याचा डबा वाजवायचा, हे दरवर्षीचं. इतकी वर्षं डुक्कर म्हटलं की आम्हाला पिकाचं नुकसान तेवढं दिसायचं. ती गेल्यावर खाचरात जे पाणी उरतं, त्याचा विचार घरात कुणी कधी केला नव्हता.

२६ सप्टेंबरच्या रात्री पाऊस इतका होता की राखणीला कुणी गेलंच नाही. सकाळी भाऊजींनी हाक मारली. खालच्या दोन खाचरांत कळप शिरला होता. भात आडवं झालेलं, लोंब्या चघळून टाकलेल्या, बांध दोन ठिकाणी उकरलेला. मधोमध त्यांनी लोळण केली होती. बैलगाडी मावेल एवढा खड्डा आणि त्यात गुडघाभर राड. उग्र वास येत होता. सासूबाई बांधावरच बसून राहिल्या. चार महिन्यांची मेहनत अशी चिखलात बघितली की माणसाला बोलवत नाही.

नुकसानभरपाईचा अर्ज करायचा असेल तर आधी वन खात्याच्या माणसाला कळवावं लागतं. भाऊजींनी फोन केला, गार्ड त्याच दिवशी दुपारी आले. माणूस भला होता. त्यांनी सांगितलं, फोटो असे काढा की नुकसान किती आहे ते कळेल, शेजारी कुणीतरी उभं राहा म्हणजे अंदाज येतो. मी साडी खोचली आणि लोळणीच्या कडेला जाऊन उभी राहिले. अनवाणी. टाचांना भेगा होत्याच, शिवाय आदल्या दिवशी गवत कापताना नडगीला विळा लागला होता, ती जखम ओली होती. भाऊजींनी सहा फोटो काढले. पुढचे तीन दिवस, ३० सप्टेंबरपर्यंत, आम्ही त्याच खाचरांत आडवं झालेलं भात उचलून पेंढ्या बांधत होतो, बांध घालत होतो. घरी आल्यावर नळाखाली पाय धुवायचे, एवढीच काळजी.

अर्ज 'ग्राम वन' (इंग्रजीतलं 'वन', म्हणजे एक) या सरकारी सेवा केंद्रातून ऑनलाइन भरला. कर्नाटकात यासाठी ई-परिहार नावाची व्यवस्था आहे. शेताचा उतारा, आधार, बँकेचं पासबुक, फोटो आणि शेतकरी नोंदणीचा फ्रूट्स नंबर लागतो. अर्ज कन्नडमध्ये. माझी दहावीतली मुलगी कन्नड सफाईनं वाचते, ती सोबत होती म्हणून निभावलं. सीमाभागातल्या आमच्या वयाच्या बायकांना मी एकच सांगेन, कन्नड वाचता येणारं घरातलं पोर सोबत न्या आणि प्रत्येक ओळीचा अर्थ विचारूनच सही करा. दवाखान्यातही मला तीच सवय उपयोगी पडली.

७ ऑक्टोबर, सोमवार. नवरात्राचा पाचवा दिवस, माझे नऊ दिवसांचे उपास चालू होते. दुपारी एकाएकी हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते. संध्याकाळी ताप १०३. डोकं असं दुखत होतं की डोळे हलवले तरी कळ यायची. सासूबाई म्हणाल्या, "उपासानं झालंय गे तुला, दूध तरी घे." मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेले. व्हायरल आहे, सध्या सगळीकडे आहे, असं सांगून एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. अंगदुखी तेवढ्यापुरती थांबली. ९ तारखेला परत तेच, परत इंजेक्शन. हे इंजेक्शन दुखणं मारण्याचं होतं, हे मला नंतर कळलं. मूत्रपिंडावर आधीच ताण असताना अशी वेदनाशामकं त्रास वाढवू शकतात, हे बेळगावच्या डॉक्टरांनी समजावलं. त्या दवाखान्यावर राग काढण्यासाठी हे लिहीत नाहीये. पहिल्या दोन दिवसांत लेप्टो, डेंग्यू, साधा ताप सगळे सारखेच दिसतात. पण काय टोचलं त्याचं नाव कागदावर लिहून मागा. माझ्याकडे तो कागद नव्हता. पुढच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "पांढरी गोळी आणि लाल इंजेक्शन" याच्यापलीकडे मला काही सांगता आलं नाही.

१० तारखेला रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइडची विडाल चाचणी संशयास्पद. प्लेटलेट ९१ हजार. चौदाशे पन्नास रुपये गेले. त्या रात्री पोटऱ्या दुखायला लागल्या. माझ्या मते ही या आजाराची सगळ्यात मोठी खूण आहे. थकल्यावर पाय दुखतात तशी ही दुखणी नसते. मुलीनं पोटरीला नुसता हात लावला आणि मी ओरडले. संडासापर्यंत भिंत धरून गेले. सकाळी आरशात बघितलं तर दोन्ही डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत, पाणी नाही, खाज नाही. लघवी चहाच्या रंगाची आणि अगदी थोडी.

११ ऑक्टोबरला हे रजा टाकून आले आणि गाडी करून खानापूरच्या तालुका रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, पोटरी दाबली आणि लगेच बेळगावला न्या म्हणाल्या. त्यांनी दिलेली संदर्भचिठ्ठी फार महत्त्वाची ठरली. 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण तातडीची वेळ सोडली तर मोठ्या खाजगी रुग्णालयात जायला सरकारी रुग्णालयाची ही चिठ्ठी लागते. आम्ही रेशन कार्ड घरीच विसरलो होतो. भाऊजी मोटरसायकलवरून परत गेले आणि रात्री कार्ड घेऊन आले. ताप तीन दिवसांच्या वर गेला की रेशन कार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून दाराला अडकवून ठेवा. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना लागू केली आहे, त्याबद्दलही शेजाऱ्यांनी सुचवलं. त्याची कागदपत्रं वेगळी आणि आमच्याकडे वेळ नव्हता, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

बेळगावला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तरुण डॉक्टर होते, कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही मिसळून बोलत होते. त्यांनी विचारलं, महिन्याभरात कुठं बाहेरगावी गेला होता का? मी नाही म्हटलं. घरात उंदीर आहेत का? शेतकऱ्याचं घर, असणारच. गोठा? आहे. मग विचारलं, साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरला होता का? मी ग्लानीत म्हटलं, नेहमीसारखंच. शेतात राबणाऱ्या बाईला चिखलात उतरणं ही सांगण्यासारखी गोष्ट वाटतच नाही.

तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आई, डुकरांचा फोटो." तिनं फोन काढला. त्या फोटोत मी नडगीपर्यंत राडीत उभी, साडी खोचलेली, नडगीवरची जखम स्पष्ट दिसत होती. खाली तारीख, २७ सप्टेंबर. डॉक्टरांनी फोटो मोठा करून बघितला, बोटांवर दिवस मोजले. २७ ला चिखल, ७ ला ताप. बरोबर दहा दिवस. ते म्हणाले, जंतू शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला दोन ते तीस दिवस लागतात, बहुतेक वेळा पाच ते चौदा. भरपाईसाठी काढलेला फोटो माझ्या केसपेपरचं पहिलं पान झाला.

लेप्टोची आयजीएम नावाची रक्तचाचणी त्याच रात्री पाठवली. ती निगेटिव्ह आली. ह्यांचा चेहरा पडला, म्हणजे हेही नाही, मग काय? डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. ही चाचणी जंतू शोधत नाही, जंतूशी लढायला शरीर जे बनवतं ते शोधते, आणि ते रक्तात दिसायला पाच-सात दिवस लागतात. आज तापाचा पाचवा दिवस. निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं धरायचं नाही, परत करू, आणि औषधासाठी थांबायचं नाही. रात्री नऊला सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन सुरू झालं. १४ तारखेला, तापाच्या आठव्या दिवशी, तीच चाचणी पॉझिटिव्ह आली. आम्ही तोवर थांबलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून पुरा करू शकत नाही. नातेवाईकांना सांगते, पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पेशंटला घरी आणू नका. किती दिवसांनी परत करायची, ते विचारा.

पहिल्या इंजेक्शननंतर दोन-तीन तासांत मला इतकी थंडी वाजली की पलंग हलत होता. मला वाटलं औषधच लागू नाही. रात्रपाळीच्या सिस्टर हात धरून बसल्या. औषधानं जंतू एकदम मरायला लागले की काहींना अशी हुडहुडी भरते, थोड्या तासांत उतरते, असं म्हणाल्या. उतरली. पण हे आधी माहीत असतं तर मी मनातल्या मनात मुलीचा निरोप घेतला नसता.

दसऱ्याचा दिवस सगळ्यात वाईट गेला. खाली रस्त्यावर झेंडूची फुलं विकणारी माणसं बसली होती, त्यांचा आवाज येत होता. माझी चोवीस तासांची लघवी साडेचारशे मिलीलिटर. क्रिएटिनिन म्हणून मूत्रपिंडाचा एक आकडा असतो, तो साधारण एकच्या आसपास असायला हवा, माझा आल्या दिवशी ३.१ होता आणि दसऱ्याला ३.९ झाला. काविळीचा आकडा, बिलिरुबिन, ४.८, डोळे पिवळे. प्लेटलेट ६२ हजार. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावून डायलिसिससाठी मनाची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. ह्यांनी मला ते सांगितलं नाही, पण सोनं द्यायला आले तेव्हा आपट्याचं पान देताना त्यांचा हात थरथरत होता. मी विचारलं नाही.

पलंगाला मापाचं भांडं अडकवलेलं होतं. प्यायलेलं पाणी, सलाइन आणि झालेली लघवी, सगळं वहीत लिहायचं काम मुलीकडे होतं. १३ तारखेला सहाशे. १४ ला हजाराच्या वर. ती आकडा ओरडून सांगायची आणि शेजारच्या पलंगावरच्या मावशी टाळ्या वाजवायच्या. डायलिसिस लागलं नाही. सोबत राहणाऱ्यांनी ही वही मनापासून ठेवावी. डॉक्टर रोज सकाळी आधी तीच बघायचे.

बरं वाटायला लागल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, हे डुकरांमुळेच झालं ना? ते म्हणाले, तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. लेप्टोस्पायरा हा स्क्रूसारखा पिळलेला बारीक जंतू. तो जनावराच्या मूत्रपिंडात घर करतो आणि लघवीतून बाहेर पडतो. उंदीर, घुशी, गुरं, कुत्री, डुकरं, कुणाच्याही. जनावर वरून धडधाकट दिसतं. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तो आठवडे टिकतो, उन्हानं आणि सुकल्यानं मरतो. माणसाच्या कातडीवरच्या जखमेतून, भेगांतून, डोळ्या-तोंडातून आत शिरतो. रानडुकराची लोळण म्हणजे सावलीतला चिखल, वर त्याच जागी मूत्र, आणि रात्री परत तोच कळप. जंतूला याहून सोयीची जागा कुठली. पण तुमच्या खाचरात उंदीरही आहेत आणि म्हैसही उतरते, म्हणून एकट्या डुकरावर बोट ठेवता येणार नाही. मला त्यांचं हे बोलणं आवडलं. घाटाखाली सिंधुदुर्गात भातकापणीच्या दिवसांत लेप्टोचं नाव घराघरात माहीत आहे. घाटावर, आमच्या बाजूला, पाऊस तोच, भात तेच, डुकरं तर जास्तच, पण नाव कुणाला माहीत नाही.

१९ ऑक्टोबरला घरी सोडलं. योजनेत बसलेला खर्च वगळून आमच्या खिशातून, गाडीभाडं, बाहेरच्या चाचण्या, जेवणखाण धरून सुमारे साडेचौदा हजार गेले. ह्यांची नऊ दिवसांची बिनपगारी रजा वेगळी. रुग्णालयात योजनेचं काम बघणारे आरोग्य मित्र असतात, त्यांचं टेबल पहिल्याच दिवशी शोधा. कुठली चाचणी योजनेत आहे आणि कुठली नाही, हे त्यांना विचारून मगच बाहेर पैसे भरा. आम्ही एका चाचणीचे पैसे उगाच भरले.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आशाताई आणि आरोग्य खात्याचे कर्मचारी आले. घरोघर ताप विचारला, आमच्या शेताचा फोटो बघितला. भाऊजी आणि सासूबाई त्याच चिखलात उतरल्या होत्या, म्हणून त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सीसायक्लीन दिलं. सतत चिखलात काम करणाऱ्यांना जोखमीच्या दिवसांत आठवड्याला एकदा २०० मिलीग्रॅम देतात. पण हे औषध मनानं दुकानातून आणून घेऊ नका. गरोदर बायका आणि लहान मुलांना ते चालत नाही.

आजारापेक्षा अशक्तपणा लांबला. क्रिएटिनिन जागेवर यायला तीन आठवडे लागले, मला मात्र घागर उचलायला जानेवारी उजाडला. केस गळले. संध्याकाळी उगाच रडू यायचं. हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून लिहिते. डॉक्टरांनी बजावलं होतं की बरं झाल्यावर काही महिन्यांनीसुद्धा डोळ्यांना सूज येऊ शकते, डोळा दुखला, धूसर दिसलं तर लगेच दाखवायचं. डिसेंबरात दाखवून आले, डोळे चांगले आहेत.

म्हशीची काळजी वाटत होती, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यांना बोलावलं. त्यांच्याशी तासभर बोलले. रानडुकरांच्या अंगात लेप्टोच एकटा राहतो असं नाही, ते म्हणाले. ब्रुसेला नावाचा जंतू असतो. अमेरिकेत रानटी डुकरं मारून उघड्या हातांनी फाडणाऱ्या शिकाऱ्यांना त्याचा ताप येतो, महिनोन्महिने चढतो-उतरतो आणि सांधे धरतात. स्पेनमध्ये गुरांच्या क्षयाचे जंतू रानडुकरांत टिकून राहतात. जुलाब लावणारा साल्मोनेला तर आहेच. ब्रुसेलाची गुरांतली जात वेगळी आहे, ती गाभडण्याचं कारण होते आणि कच्च्या दुधातून माणसाला लागते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि मादी रेडकांना त्याची सरकारी लस मोफत मिळते, आमच्या रेडीला त्याच महिन्यात टोचून घेतली. मेलेलं रानडुक्कर दिसलं तर हात न लावता वन खात्याला कळवायचं. गावात कुणाकडे चोरून मांस येतं हे सगळ्यांना माहीत असतं. परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे हे एक, आणि ते सोलणाऱ्याच्या हातावर एक ओरखडा असला तरी पुरतो हे दुसरं. पहिल्याची भीती गावात थोडीफार आहे, दुसऱ्याची मुळीच नव्हती.

भरपाईचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी दवाखान्यात असतानाच अर्ज अडकल्याचा मेसेज आला होता. उताऱ्यावर अजून मामंजींचं नाव, आणि ते २०१९ मध्ये वारले. नाडकचेरी या महसूल कार्यालयातून वंशावळ काढली, ह्यांची आणि भाऊजींची संमती जोडली, तलाठ्यांकडे चार खेपा झाल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा ते सभेला, एकदा वंशावळीत सासूबाईंच्या नावाचं एक अक्षर चुकलेलं. मला चालवत नव्हतं म्हणून भाऊजी गेले, कामाचे चार दिवस मोडून. मार्च २०२५ मध्ये खात्यात सात हजार चारशे रुपये आले. अकरा गुंठ्यांचं नुकसान, आमच्या हिशेबानं त्याच्या दुपटीचं होतं. घरात कुणी वारलं असेल तर वारसा लावून घेण्याचं काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नका. डुकरं वाट बघत नाहीत.

त्या पैशातून पहिली खरेदी म्हणजे तीन जोड गमबूट. जोडी चारशे वीस रुपयांना, खानापूरच्या बाजारातून. सासूबाई आधी घालायला तयार नव्हत्या, चिखलात बूट रुततो म्हणतात, आणि ते खरंही आहे. लावणीला बूट चालत नाहीत, तिथं आम्ही जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावतो आणि टाचांच्या भेगांना रात्री कोकमाचं तेल. पण बांध घालायला, लोळण बुजवायला, पेंढ्या उचलायला बूट घातल्याशिवाय कुणी उतरत नाही. लोळणीतलं पाणी आधी चर काढून सोडून द्यायचं, दोन दिवस ऊन लागू द्यायचं, मग माती ओढायची.

यंदा १८ सप्टेंबरला कळप परत आला. वरच्या खाचरात, लहान लोळण. भाऊजींनी फोटो काढले, त्यात मी बूट घालून उभी आहे. उतारा आता ह्यांच्या आणि भाऊजींच्या नावावर आहे, अर्ज एका खेपेत गेला. घरी येऊन मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर १८ सप्टेंबरला गोल केला, आणि तीस दिवस मोजून १८ ऑक्टोबरला दुसरा. दुसरा गोल उद्या, धनत्रयोदशीला आहे. अजून घरात कुणाला ताप नाही. त्या बाईच्या दिराला काल घरी सोडलं. तापाच्या चौथ्या दिवशीच त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, आणि केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहून घेतलं होतं की हा माणूस डुकरांनी उकरलेल्या खाचरात उतरला होता.